पोटमाळ्यावरची सही

नेव्हिल : ...आणि कागदामागोमाग पेनही दाराखालून आत सरकवलंय. निळ्या शाईचं आहे. काळी हवी असेल तर तीही आणून देतो. पण रसेल, आता सही कर रे बाबा.

रसेल : पेनाविषयी माझी तक्रार नाही.

(स्थळ : हडर्सफील्ड नगरीतील एका ओळीतल्या अरुंद घराचा सर्वांत वरचा जिना. बसचालक नेव्हिल ग्रीनवुड पोटमाळ्याच्या बंद दारासमोर पायरीवर बसलेला आहे. दारापलीकडे त्याच्या पत्नीचा भाऊ रसेल एल्स्टन. नेव्हिलच्या हातातील फोन चालू असून त्यातून त्याच्या वकील मिस हॅगर्टी यांचा आवाज जिन्यात स्पष्ट उमटत आहे.)

हॅगर्टी : मिस्टर ग्रीनवुड, मी अजून फोनवर आहे. दुपारी बाराला आम्ही तिन्ही वकील करार पक्के करणार आहोत. तुमचं घर घेणारं जोडपं, मध्ये तुम्ही, आणि पलीकडे मिसेस कार्टलिज, ज्यांचं बैठं घर तुम्ही घेत आहात. यातली एक कडी निसटली की तिघांचेही व्यवहार मोडतील.

नेव्हिल : ऐकलंस?

रसेल : ऐकलं. या घरात न ऐकण्याची सोय कुठे आहे?

नेव्हिल : बाईसाहेब, घर माझ्या आणि ग्लेनिसच्या नावावर. याचं नाव कुठे औषधालाही नाही. मग याच्या सहीवाचून अडतं कसं, ते मला अजून कळलेलं नाही.

हॅगर्टी : घेणाऱ्यांना घर मोकळं मिळायला हवं. आत एखादा सज्ञान माणूस राहत असेल, तर 'माझा काही हक्क नाही, ठरल्या दिवशी मी निघेन' असं त्याला लिहून द्यावं लागतं. त्यातून मिस्टर एल्स्टन यांनी छपराचा खर्च केलेला आहे. त्यांचा हक्क निघू शकतो.

नेव्हिल : छप्पर! आईकडून आलेल्या वाटणीतून यानं एकदा छप्पर घातलं, आणि तेव्हापासून त्याच्याखाली आम्ही भाडेकरू!

रसेल : ते छप्पर आजही गळत नाही, नेव्हिल.

नेव्हिल : नाही गळत. मी म्हटलं का गळतं म्हणून?

रसेल : माझ्या वकिलांनी मला फोनवर सविस्तर समजावलं आहे. पुढच्या निवाऱ्याची लेखी व्यवस्था झाल्याखेरीज मी सही करू नये, असा त्यांचा स्पष्ट सल्ला आहे.

नेव्हिल : तुझे वकील! त्यांची फी कोणी भरली, ठाऊक आहे? मी! माझ्याविरुद्ध सल्ला द्यायला मीच पैसे मोजले. अख्ख्या यॉर्कशरमध्ये असा गाढव दुसरा सापडायचा नाही.

हॅगर्टी : ते आवश्यक होतं, मिस्टर ग्रीनवुड. मी तुमची वकील आहे. त्यांना सल्ला देणं मला चालत नाही.

नेव्हिल : बरं, मग वकील राहू देत बाजूला. रसेल, तुझी बहीण खाली खुर्चीत बसली आहे. तिचे पाय गेले. न्हाणीघर इथे वर, तुझ्या दारालगत. दर वेळी मी तिला पाठीवर घेऊन हा जिना चढतो. परवा मधल्या वळणावर माझा पाय घसरला. मी कठड्यावर, ती माझ्या अंगावर. तिनं तुला हाक मारली.

रसेल : दोनदा मारली.

नेव्हिल : आणि तू?

रसेल : मी दाराच्या मुठीवर हात ठेवून उभा होतो.

नेव्हिल : उभा होतास! वा! छपरासारखे त्याचेही उपकार मोजून ठेव!

रसेल : तुझा संताप मला मान्य आहे. परंतु मी कुठे जाऊ, हे मला कोणीच सांगत नाही. ग्लेनिसही नाही. ती फक्त बिस्किटं पाठवते.

नेव्हिल : तुला... तुला तिथे खोली आहे.

रसेल : काय म्हणालास?

नेव्हिल : खोली. मागच्या बाजूला, बागेकडची. सकाळचं ऊन येतं. खिडकीशी तुझं टेबल बसेल. पुस्तकं काय, सगळी राहतील.

रसेल : हे तू आजवर का सांगितलं नाहीस?

नेव्हिल : राहून गेलं. धावपळीत आहे मी, दिसत नाही का तुला?

रसेल : तर मग एवढं लिहून दे, नेव्हिल. मी लगेच सही करतो.

हॅगर्टी : मिस्टर ग्रीनवुड, फोनचा स्पीकर बंद करून तो कानाला लावा. आत्ताच्या आत्ता.

नेव्हिल : लावला. चार पायऱ्या खाली उतरून हळू बोलतोय. बोला.

हॅगर्टी : ते घर वृद्धांसाठीच्या वसाहतीत आहे. तिथे मालक आणि त्याचा जोडीदार, एवढ्यांनाच राहता येतं. तिसरा माणूस चालत नाही. माझ्या अहवालात हे पहिल्याच पानावर होतं.

नेव्हिल : वाचलंय मी. दोनदा वाचलंय.

हॅगर्टी : मग ते वचन लिहू नका. लिहिलंत, तर तुमचं काम मला याच क्षणी सोडावं लागेल.

नेव्हिल : तुम्ही माझ्या वकील की त्याच्या?

हॅगर्टी : तुमची. म्हणूनच हे तुमच्या कानात सांगते आहे. पण खोटं सांगून घेतलेली सही खरी म्हणून मला पुढे पाठवता येणार नाही.

नेव्हिल : मग मी करू काय? तुमच्या कायद्यात माझ्या पाठीसाठी काही कलम आहे का? मिसेस कार्टलिजकडे दुसरं गिऱ्हाईक आहे, त्याला आधी स्वतःचं घर विकावंही लागत नाही. आज आपण चुकलो की ती त्याला देणार, सरळ सांगितलंय तिनं. असं घर पुन्हा निघेल तेव्हा निघेल. तोवर ग्लेनिस असेल का? डॉक्टर मला एकट्याला बाहेर बोलावून सांगतात, बाईसाहेब. तिच्यासमोर सांगत नाहीत.

हॅगर्टी : ...मला कल्पना नव्हती.

नेव्हिल : तुमच्या कागदांत तेवढ्यालाच जागा नसते.

हॅगर्टी : त्यांना खरं सांगा. पुढचं त्यांच्यावर सोडा.

नेव्हिल : खरं ऐकून कोण सही करील? तुम्ही केली असती?

हॅगर्टी : बहुधा नाही.

रसेल : नेव्हिल? लिहितो आहेस ना? खोलीची लांबी-रुंदीही घाल. उंच कपाट आडवं लावावं की उभं, ते आताच ठरवता येईल.

नेव्हिल : आलो वर. ...रसेल.

रसेल : हां?

नेव्हिल : खोली नाही रे.

रसेल : लहान आहे, असं म्हणायचंय का?

नेव्हिल : नाहीच. तिथे दोघंच राहू शकतात. नवरा नि बायको. तू दिवसा भेटायला येऊ शकतोस, बस. मी खोटं बोललो.

रसेल : बाग?

नेव्हिल : बाग आहे. सगळ्यांची मिळून.

रसेल : आणि सकाळचं ऊन?

नेव्हिल : ऊन येतं. तेवढं खरं होतं.

रसेल : तू फार सुरेख वर्णन केलंस. मी मनातल्या मनात कपाट लावून मोकळाही झालो होतो.

नेव्हिल : शिव्या दे मला. मोठ्यानं दे.

रसेल : शिव्यांचं माझं ज्ञान पुस्तकी आहे. उच्चार चुकतील.

नेव्हिल : मी नगरपालिकेत गेलो होतो. एका खोलीसाठी तुझं नाव लावतो म्हणाले. पण माणूस समोर हवा. मी काय सांगू त्यांना? आईला दफनभूमीत पोचवून आल्यापासून तू फाटकाबाहेर पाऊल टाकलेलं नाहीस... थांब. ग्लेनिस हाक मारते आहे. आलो गं! बाईसाहेब, तिला वर आणायचंय. फोनचा स्पीकर लावून तो पायरीवर ठेवतो. तुम्ही ठेवू नका. आलो, आलो!

रसेल : मिस हॅगर्टी, आपण आहात?

हॅगर्टी : आहे. पण मी तुमची वकील नाही, मिस्टर एल्स्टन. काही विचारायचं असेल तर तुमच्या वकिलांना फोन करा. अजून वेळ आहे.

रसेल : ते 'नको' म्हणतील. ते बरोबरच म्हणतील. त्यांना हा जिना ऐकू येत नाही. आपल्याला येतो आहे का?

हॅगर्टी : येतो आहे.

रसेल : तो आता वळणावर थांबेल. कठडा धरून श्वास घेईल, आणि काहीतरी विनोद करील. तिला हसू आलं की पुढची पायरी... ऐकलंत? हसली ती. कागदावर माझं नाव संपूर्ण लिहायचं?

हॅगर्टी : मिस्टर एल्स्टन, एक गोष्ट मला विचारायलाच हवी. राहण्याच्या जागेबद्दल तुम्हाला कोणी काही वचन दिलं आहे का?

रसेल : दिलं होतं. माझ्यासमोर परतही घेतलं.

हॅगर्टी : तुमच्यावर कोणाचा दबाव?

रसेल : भार आहे. पण तो त्याच्या पाठीवर आहे. माझ्यावर नाही.

हॅगर्टी : सही केलीत, की ठरल्या दिवशी तुम्हाला निघावं लागेल. जागा मिळालेली असो वा नसो. हे समजून करताय?

रसेल : समजून करतो आहे... झाली. माझं अक्षर थोडं बिघडलं आहे. चालेल?

हॅगर्टी : चालेल. त्या पानाचा फोटो काढून फोनवरून मला पाठवायचा.

रसेल : फोन दाराबाहेर आहे.

हॅगर्टी : हो.

रसेल : ते दोघेही आता दाराबाहेर आहेत.

हॅगर्टी : मी थांबते.

नेव्हिल : अगं, सांभाळ... रसेल? अरे, दार कशाला उघडलंस... बाजूला हो, हिला न्हाणीघरात न्यायचंय.

रसेल : डावी बाजू माझ्याकडे दे. नीट धर, ग्लेनिस. असं. आता सोड, नेव्हिल. अरे, सोड, मी धरली आहे.

हॅगर्टी : मिस्टर एल्स्टन?... मिस्टर ग्रीनवुड?

रसेल : आलो, मिस हॅगर्टी. क्षमा असावी. हा फोटो पाठवला. मिळाला?

हॅगर्टी : मिळाला. स्पष्ट आहे. मी आता पलीकडच्यांना फोन लावते. फक्त एक राहिलं. याची एक प्रत तुम्हाला मिळायला हवी. व्यवहार पुरा झाल्यावर ती कोणत्या पत्त्यावर पाठवू?

रसेल : याच... नाही. इथे तेव्हा ते जोडपं असेल.

हॅगर्टी : मग तुमच्या मेव्हण्यांच्या नव्या पत्त्यावर पाठवू का?

रसेल : नको. ती आपल्या कचेरीतच ठेवा. मी येऊन घेऊन जाईन.