चकचकीत फरशी

जनावरांच्या दवाखान्यात माझ्या एका बाजूला मांजराची टोपली घेतलेल्या बाई होत्या, दुसऱ्या बाजूला मांडीवर कुत्र्याचं पिल्लू घेतलेले काका.

“याच्या पोटावरचे केस कशानं गेले हो?”

“खाजवून खाजवून. पुरळ आलं होतं, पोट नुसतं लालभडक.”

“पिसवा असतील.”

“मलाही तेच वाटलं. म्हणून सकाळ-संध्याकाळ फरशी पुसायला लागलो. निवृत्त माणूस, दुसरा उद्योग काय! झाकणभर फिनेल पुरतं, मी अर्धी बाटली ओतायचो.”

“अगंबाई!”

“पुरळ वाढलं की मी फिनेल वाढवायचो. घर असं चकाकत होतं, की तिथेच कुणाचं ऑपरेशन करावं. आणि हे बापडं त्याच फरशीवर पोट टेकून झोपायचं.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“मलम याला दिलं, पथ्य मला. फडक्याला हात लावायचा नाही. बायकोनं तर फडकं कुलपात ठेवलंय.”

“आता बरंय ना पण?”

“एकदम. आज नुसती लस आहे.”

“मग तुम्ही दिवसभर करता काय?”

“याचं पोट खाजवतो. खाज केव्हाच गेली, तरी मला बघितलं की उताणं होतं बिचारं. माझं मन राखायला.”