सरांचा जुना कॉम्प्युटर

अरे, आमच्या धाकटीचं, सुजाताचं, नर्सिंगचं ॲडमिशन कसं वाचलं ते ऐक. फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. साइट मोबाईलवर उघडंना, तीर्थपुरीच्या कॅफेतही न्हाई.

कॅफेवाला म्हणाला, "ही फक्त जुन्या निळ्या 'ई'वाल्या ब्राउझरमध्ये चालती. तो आता कुणाकडं राह्यला?"

सुजाता तिथंच रडायला लागली. मंग मला आमचे रिटायर झालेले गणिताचे सर आठवले. त्यांचा कॉम्प्युटर पंधरा वर्षांचा. दोघं पळतच गेलो. तिथं साइट बराबर उघडली, फॉर्म जमा झाला, तेव्हा कुठं आमच्या जिवात जीव आला.

सर म्हणाले, "पोरगा रोज म्हणतो, हा डबा भंगारात द्या."

सुजाता घाईघाईनं म्हणाली, "द्या सर, पण आधी प्रिंट काढू द्या!"