खानाचा शिक्का, राजाचं नाव

बदनापूरच्या फलाटावर नरहरराव पॅसेंजरची वाट पाहत बसले होते. पाठीमागच्या बाकावर एक मावशी आणि तिची कॉलेजातली भाची बोलत होत्या.

“काय वाचून राह्यली, रूपाली?”

“जॉर्जिया देशाचा इतिहास, मावशी. मंगोल खानानं मुलूख जिंकला, पण गादीवर तिथलाच राजा ठेवला.”

“कामून?”

“वसुली कोण करणार मंग? एका राजानं तर आपल्याच नाण्यावर लिहिलं, ‘खानाचा गुलाम’.”

“सोताच्या नाण्यावर?”

“बिलकुल.”

“आन् लोक राजाच म्हणायचे त्याला?”

“तुला न्हाई का सगळे सरपंच म्हणत? शिक्का मात्र उपसरपंचाच्या कपाटात.”

नरहररावांनी उगाच पेपराचं पान उलटलं. मग मावशीचा फोन वाजला.

“हां भाऊ, बोला… कपाट कशाला धुंडाळता? शिक्का माझ्या पिशवीत हाय… सकाळी आल्ते तुमच्या घरी. वहिनींनी दिला काढून… ठराव आधी मला वाचून दाखवा, मंग शिक्का… कोणाला इचारून म्हंजे?”

पलीकडचा आवाज नरहररावांपर्यंत ऐकू येत होता. मावशीनं फोन बंद केला.

“हां, रूपाली. त्या राजाचं पुढं काय झालं?”