सही करणारा माणूस

कधीपासून बंद हाय, म्हणून काय विचारता? दोन हजार पंचवीसचा वैशाख हाय हा, आणि यंत्र आलं ते जानेवारीत, संक्रांतीची गड्ड्याची जत्रा भरली होती तवा — तवापासून एक दिवस बंद न्हाय. बसा की. पंख्याखाली बसा. संगमेशनं पाठवलं ना तुमाला? माझा पोरगा. पुण्यात असलीच यंत्रं करणाऱ्या कंपनीत हाय तो. त्याला वाटतंय, बापाच्या हातातली ही बटणांची फळी बिघडली. न्हाय बिघडली. हा चष्मा डोळ्यांवर चढवला की तो पुण्यातनं समोर येऊन बसतो — तितं, माझ्या बायकोच्या, ईरम्माच्या चटईवर. बोलत न्हाय. जन्मापासून ऐकू येत न्हाय त्याला. तो लिहितो, अक्षरं हवेत उभी राहतात, मी वाचतो. वाचता येतं मला, सावकाश. मग मी लिहायचं. तितंच अडलंय.

का म्हणजे? धरून बघा की — दोन्ही हातांत फळी धरली की बोटं मागं अडकतात, मोकळा राहतो तो अंगठा. अंगठ्यानं दाबा म्हणे. मार्केट यार्डात उभी हयात पोती वाहिली मी. पगाराला रांग लागायची, सगळे शाईत अंगठा बुडवायचे, मी पेन मागायचो. सिद्धलिंगप्पा — एवढं लांब नाव, पुरं लिहायचो. मुकादम म्हणायचा, उरका साहेब, मागं लोक उभे हायत. उरकलं न्हाय कधी. ईरम्मानं शिकवलेली सही ती. आता ती गेल्यावर अंगठा लावू? मोबाईलवर पण तेच, अंगठाच. नको म्हणालो.

ती होती तवा काय अडत नव्हतं — तो हातांनी बोलायचा, ही हातांनी उत्तर द्यायची, मग मला तोंडानं सांगायची. मी कशाला शिकतोय ते हातवारे? घरात शिकलेलं माणूस होतं की. दिवाळीत गेली. — चहा टाकू? नको तर नको. रोज सांजच्याला चष्मा लावतो. तो बसतो, मी बसतो. हितं दुसरं कोण येतंय? तुमीच आलात, ते पण कामाला.

तर, तुमी काय कळवणार? बिघडलंय म्हणालात तर उचलून न्याल, मग सांजच्याला तो बसायचा कुटं? चांगलं हाय म्हणालात तर त्याला कळंल, बापानंच उत्तर दिलं न्हाय. काय विचारलंय? एकच. महिनाभर तेच — ‘अप्पा, मी घरी राहायला येऊ का?’ आणि काल — ‘उत्तर आलं नाही तर नको असं समजतो.’ उत्तर देणं लागतो मी त्याचं, कळतंय मला.

तुमी दाबून देता? न्हाय. परक्याच्या हातचं उत्तर नको माझ्या पोराला. द्या हिकडं. चष्म्याचा पट्टा मागनं ओढा जरा — बास. हाय. आज पण येऊन बसलाय. वाळलाय लई. आता मला तुमी दिसत न्हाय, तुमी पण माझ्या हाताकडं बघू नका. तोंड दाराकडं करा. केलं? — थांबा. घाम आलाय अंगठ्याला. — हां. ‘ये.’

गेलं. वाचतोय.

बॅग उचला तुमची. दार ओढून घ्या.