छतातून पाय शेकत नाहीत

अमेरिकेतल्या डुलुथ या थंड शहरातल्या हार्डवेअरच्या दुकानात, रांगेत माझ्यापुढे एक म्हातारी आणि तिचा मुलगा उभे होते.

"आई, घर तापवणारी गरम हवा जिथून येते, ती जाळी आता छतात बसवू. जमिनीतली जाळी आता गिऱ्हाइकांना आवडत नाही."

"कसली गिऱ्हाइकं?"

"घर विकायचं ठरलंय ना?"

"तुम्ही भावंडांनी ठरवलंत. मला विचारलंत?"

"एवढ्या थंडीत एकटी कशी राहशील?"

"राहतेच आहे की! गरम हवा वर जाते, कर्ट. ती छतातून सोडलीस, तर पाय काय छताला लावून शेकू?"

"बरं, मग ही प्लास्टिकची घे."

"रोज सकाळी मी जाळीवर उभी राहून कॉफी पिते. प्लास्टिक मोडेल."

"आई, ऐक ना..."

"अहो दुकानदार, ती ओतीव लोखंडाची द्या. मी घरातून हलणार नाही, तीही हलता कामा नये."