भरल्या मापाचे सहा ड्रेस

अंगठ्याचे टाके काढायला आलेले सुतारकाका प्लास्टिक सर्जनच्या दवाखान्यात पेपर उघडून बसले होते, पण कान मागच्या बाकावरच्या नणंद-भावजयींकडे होते. भावजयीने बावन्न किलो उतरवले होते. ओघळलेल्या छातीचं काय करायचं, ते तिला आज डॉक्टरांना सांगायचं होतं.

“ठरलं का गं?”

“जास्तीची कातडी काढून नुसती वर उचलायची, की आत इम्प्लांटही बसवायचं, एवढंच अडलंय, वन्सं.”

“बसवून टाक. विचार कसला करतेस?”

“तुम्हाला कसली घाई?”

“मी सहा ड्रेस शिवून ठेवलेत. भरल्या मापाचे.”

“ऑपरेशनच्या आधीच?”

“शिलाईच्या दुकानात काम कमी होतं.”

“आणि माप कुणाचं घेतलंत?”

“काचेतल्या पुतळ्याचं.”

“त्या पुतळ्याला जिने उतरावे लागतात का? दोन वर्षं घाम गाळून वजन उतरवलं, आता विकतचं वजन छातीवर घेऊ? शिवाय पुढेमागे ते बदलावंही लागतं म्हणे.”

“नुसतं उचललं तर लहान दिसेल गं.”

“दिसू दे. जिना उतरताना दोन्ही हातांनी छाती धरावी लागते, तेवढं थांबलं तरी मी जिंकले.”

“मग माझे ड्रेस?”

“उसवा.”

“सहाच्या सहा?”

नर्सने नंबर पुकारला. भावजय उठली, पण पाऊल टाकेना.

“वन्सं, आत येता ना? एकटीला धीर होत नाही.”

“येते की. पण थांब, आधी गळ्यातली मापाची टेप काढून पर्समध्ये टाकते.”