परताव्याचा उजवा कौल

आमच्या ह्यांचा हट्ट सगळ्या गावाला माहीत आहे, आता माझा ऐका. आयकराचा परतावा बँकेत जमा झाल्याचा मेसेज आला आणि हे अंगणातूनच ओरडले, "गो, उजवो कौल मिळालो! रिटर्न बरोबर आसा!" देवळात पाकळी उजवीकडे पडली की देवाचा होकार, तसं.

"आणि पर्यटकांका दिलेल्या खोल्यांचा भाडा? ता दाखवल्यात?"

"चूक असती तर आयकरवाल्यांनी पैसे कित्याक दिले असते?"

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या सकाळी ह्यांना स्कूटरवर मागे बसवून मालवणात सीएकडे नेलं. तो म्हणाला, "काका, तुम्ही जे भरलंत त्याच्या हिशोबाने परतावा आला. चौकशी पुढेही निघू शकते. मुदत आहे तोवर सुधारित रिटर्न भरा."

हे अडूनच. "पण कौल तर उजवो पडलो!"

मी म्हटलं, "देवाक अर्धीच गोष्ट सांगून घेतलेलो कौल खरो कसो धरूचो?"

 हे सीएकडे वळून शुद्ध मराठीत म्हणाले, "लिहा. भाड्याच्या खोल्या दोन."

मी म्हटलं, "तीन."